वांग्यातला शिंपी

माझ्या हातून आयुष्यात एकाच पक्ष्याचा जाहीर गौरव झाला, आणि तोही चुकीच्या नावानं. त्यापायी माझी जी शोभा झाली ती दौंडात काहींना अजून आठवत असेल. पण खरं सांगायचं तर मला त्या पक्ष्याचा राग येत नाही. उलट त्याची आठवण झाली की मी मनातल्या मनात हात जोडतो. का, ते ऐका.

आणीबाणीतला, शहात्तर सालचा भाद्रपद होता. मी दौंडला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून होतो. तालुक्यातल्या सगळ्या पाण्याचे कागद माझ्या टेबलावरून वाहायचे आणि घरी नळाला मात्र करंगळीएवढी धार. बिऱ्हाडामागं हातभर परसू होतं. त्यात अंजनानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, वांगी लावली होती. एके सकाळी ती वांगी तोडायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली.

"अहो, वांग्याची पानं कुणीतरी शिवलीत."

मी जाऊन पाहिलं. खरंच दोन पानं कडेला कडा लावून जोडलेली. कापसाचे आणि कोळ्याच्या जाळ्याचे बारीक टाके, आत मुठीत मावेल एवढी गवताची वाटी. बोटभर पाखरू शेपटी उडवत आत शिरलं, आमच्याकडं बघून चिडलं आणि बाहेर पडलं.

"शिंपी!" मी म्हणालो. पानं शिवणाऱ्या पक्ष्याला शिंपी म्हणतात एवढं लहानपणी शाळेत ऐकलेलं होतं. पानं शिवली आहेत, त्या अर्थी शिंपी. इतकं सरळ प्रकरण आमच्या कचेरीत वर्षातून एखादंच यायचं.

दुपारपर्यंत आळीभर झालं. कोपऱ्यावरचे पोपटराव टेलर गळ्यात टेप अडकवलेले तसेच आले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्यांनी घरटं खालून, वरून, बगलेतून तपासलं. "टाका बरा हाय," ते म्हणाले, "पन अंतर फार सोडलंय. आमच्याकडं असं शिवलं तर गिऱ्हाईक कापड तोंडावर फेकंल." तरी जाताना दारात भेटेल त्याला "आमच्यातला हाय" असं अभिमानानं सांगत गेले. शेजारच्या झुंबरबाईंनी झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू वाहिलं. "शिंपी घरात आला म्हंजी पाळना हालनार बगा!" असं त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की मी खिडकी लावून घेतली. आम्हाला दोन मुलं होती, आणि त्या साली सरकारी नोकराच्या घरात तिसऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. जमलेल्या मंडळींपुढं मग मी पक्ष्याच्या उद्योगीपणावर चार शब्द बोललो. बोललो म्हणजे बरंच बोललो. अंजनानं सगळ्यांना चहा केला. एकूण समारंभ झाला.

रविवारी माझे थोरले साडू साहेबराव आणि मेहुणी चांगुणाताई शिरूरहून आले. साहेबराव शिरूरला हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. बोलतानाही त्यांची बोटं पेन्सिल धरल्यासारखी असायची. मी त्यांना चपला काढायच्या आत परसात नेलं. ते वांग्यापुढं उकिडवे बसले. पक्षी आला, गेला, पुन्हा आला. साहेबरावांनी डोळे बारीक केले.

"मल्हारराव, हा शिंपी नव्हे."

"मग कोण?"

"वटवट्या. राखी वटवट्या. शिंपी पाठीला हिरवट असतो आणि डोक्यावर त्याला तांबूस टोपी असते. ह्याची पाठ बघा, राख फासल्यासारखी. पोट तांबूस. डोळा लाल. ह्याची टोपी कुठाय?"

"घरी विसरून आला असेल," मी म्हणालो. "पानं शिवलीत ती दिसत नाहीत का तुम्हाला?"

"वटवट्याही शिवतो."

एवढ्यावर मिटलं असतं. दोन साडवांत मतभेद होणं ही काही नवी गोष्ट नव्हे. पण मागं उभ्या असलेल्या चांगुणाताई हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे की. अंजीच्या घरात वटवट्याच यायचा. शिंपी इथं कशाला टिकतोय!"

इथं थोडा खुलासा करायला हवा. अंजना बोलते. ही तक्रार नव्हे. दूधवाल्यापासून कुलकर्णी डॉक्टरांपर्यंत दौंडात तिच्याशी दोन शब्द बोलून कुणी पुढं गेलेलं नाही, दोनशे ऐकून गेलेलं आहे. पण हे तिला कुणी सांगितलेलं तिला खपत नाही, आणि थोरल्या बहिणीनं तर मुळीच नाही. चहा आला, पण बशा आल्या नाहीत. पाहुण्यांना गरम कप कसा धरावा ते कळेना. दोघं मधल्याच एस.टी.नं परत गेले.

त्या दिवसापासून अंजना बहिणीचं नाव घेईना. तिकडं चांगुणाताईंनीही हट्ट धरला. "मी पाखराला म्हणाले. तिनं अंगाला का लावून घ्यावं?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच आठवड्यात आमचे सासरे गेणबा आबा वडगाव रासाईहून येऊन थडकले. आबांच्या वडिलांनी मेंढरं विकून भीमेच्या काठी रान केलं होतं. डोक्याला तांबडं मुंडासं, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि बोलणं थोडकं. सासूबाईंना, सगुणाबाईंना, आमच्या लग्नाआधीपासून मोतीबिंदूनं अंधुक दिसायचं, आणि आता जवळजवळ दिसेनासं झालं होतं. दौंडला दसऱ्याच्या आधी पुण्याचे डोळ्यांचे डॉक्टर यायचे होते आणि आबांनी नाव नोंदवलं होतं. ऑपरेशननंतर पट्टी बांधून माणसाला मान न हलवता पडून राहावं लागे. दिवसा अंजनानं आणि राती चांगुणाताईंनी उशाशी बसायचं, असं आधीच ठरलेलं होतं.

"पन म्हातारी अडून बसलीय," आबा म्हणाले. "दोगी बोलत न्हाईत हे कळलंय तिला."

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, पोरी मिळून येत असतील तर डोळा. न्हाईतर हाय त्यो अंधार बरा. निदान तुमची फुगल्याली तोंडं तरी दिसत न्हाईत."

अंजना आत भांडी आदळत होती ती थांबली. मग म्हणाली, "आक्कानं आधी वटवट्या मागं घ्यावा."

आता प्रकरण माझ्या गळ्यात आलं. मी एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर साहेबरावांना चिठ्ठी धाडली की आईंच्या डोळ्याचा प्रश्न आहे, पक्षी शिंपीच आहे असं तुम्ही म्हणून टाका, म्हणजे बायकांचं मिटेल. संध्याकाळी उत्तर आलं. 'तुम्ही म्हणाल ते कबूल करतो. तुमच्या पाया पडतो. पण पाठीचा रंग राखी आहे.' ड्रॉइंग मास्तरांची ही सचोटी बघून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. खाली आणखी लिहिलं होतं की आबांच्या विहिरीवरच्या अंजिरात खऱ्या शिंप्याचं घरटं आहे. रविवारी तिथं या. आपल्या पक्ष्याची आणि त्याची तुलना करा. सारखे निघाले तर मी चारचौघांत माफी मागेन.

तुलना करायची तर पक्षी नीट दिसायला हवा, आणि हा तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत तीन पानं बदलायचा. मला दुर्बीण हवी होती. आमच्या कचेरीत एक होती. जमिनीचा चढउतार मोजायची, तीन पायांच्या तिपाईवर बसवायची. तिला नुसतं 'लेव्हल' म्हणत. ती ओव्हरसियर बबनरावांच्या ताब्यात असे आणि ते तिला रोज फडक्यानं पुसत.

"बाहेर न्यायला कामाचं कारण लागतं," बबनराव म्हणाले.

"दोन पक्ष्यांची तुलना."

"हे कोणत्या सदराखाली घालू? पाणीपट्टी का पाटदुरुस्ती?"

मग मी सासूबाईंच्या डोळ्याचं सांगितलं. ते ऐकून बबनरावांनी किल्ली काढली आणि 'मौजे वडगाव रासाई, विहिरीच्या काठाची उंची पाहणे' असं स्वतःच्या हातानं लिहिलं. "तुमचं काय व्हायचं ते होऊ द्या, मल्हारराव. यंत्र धड आलं पाहिजे. त्याला काही झालं तर तुमची नोकरी राहणार नाही आणि माझीही."

त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. एकच गोष्ट सांगायची ते विसरले. त्या जुन्या लेव्हलमधून सगळं उलटं दिसतं. मोजणीच्या माणसांना ते ठाऊकच असतं, म्हणून कुणी मुद्दाम सांगत नाही.

मी घरी आल्या आल्या परसात तिपाई रोवली आणि घरट्यावर नेम धरला. नळीत दोन पानांपलीकडं काही मावत नव्हतं. पक्षी आला आणि मी थक्क झालो. तो पाय वर करून, फांदीला लटकून काम करत होता! मी डोळा काढून नुसत्या नजरेनं बघेपर्यंत तो उडून गेलेला असे. मी अंजनाला हाक मारून सांगितलं, "शिंपी उलटा लटकून शिवतो. हे साहेबरावांच्या बापालाही ठाऊक नसेल." रंगही पाहिले. वरची बाजू तांबूस, खालची काळपट. म्हणजे पाठ तांबूस ठरली, राखी नव्हे! साहेबराव उताणे पडले असं समजून मी शनिवारी रात्रभर घोरलो.

रविवारी मुलं झुंबरबाईंकडं सोडून आम्ही दोघं निघालो. "तुम्ही तिथं जाऊन गप्प बसाल," म्हणून अंजना बरोबर आली होती. लेव्हलची लाकडी पेटी मी मांडीवर घेतली. राहूच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "बुवा, कुठल्या गावाला भजन?" मी यंत्र आहे म्हणून सांगितलं तर मागच्या बाकावरचे दोघं हसले. त्यांना वाटलं, बुवा भाव खातायत. राहूच्या पुढं भीमेला तांबडं पाणी होतं. नावाडी आण्णानं पेटी बघितली आणि मधोमध आल्यावर वल्हं थांबवून म्हणाला, "एखादा अभंग व्हऊ द्या. पान्यात आवाज लई गोड लागतो." मी नाही म्हणालो तर वल्हं चालेना. शेवटी पेटी न उघडता मी दोन ओळी म्हणून दाखवल्या. "पेटीशिवाय एवढंच जमनार," असं म्हणून आण्णानं नाव काठाला लावली. हे सगळं होईपर्यंत अंजना एक शब्द बोलली नाही. ती बहिणीला काय काय म्हणायचं त्याची मनात उजळणी करत होती.

आबांच्या बांधावर शेजारचा खंडू भेटला. मी सहज विचारलं, "अंजिरात नर दिसतो का मादी? आणि पिल्लं किती?"

खंडूनं माझ्या खांद्यावरची तिपाई बघितली, काखेतली पेटी बघितली, पायातला बूट बघितला. "तीनच हायती सायेब," तो कसाबसा म्हणाला, "पन मी अशक्त हाय!" आणि उसात शिरला. नसबंदीची माणसं आली म्हणून वाडीवरचे सगळे बाप्ये दहा मिनिटांत उसात गेले. हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की ह्या गावचे लोक पक्ष्यांच्या बाबतीत फार हळवे दिसतात.

विहिरीवर सगळे होतेच. सासूबाई थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडांवर, घोंगडी टाकून बसलेल्या. त्यांच्या उजव्या हाताला चांगुणाताई. अंजना जाऊन डाव्या हाताला बसली.

"आई, तिला विचार प्रवास कसा झाला," चांगुणाताई म्हणाल्या.

"आई, तिला सांग चांगला झाला," अंजना म्हणाली.

"मी काय टपाल हाय?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी तिपाई काठाला लावली आणि लेव्हल चढवली. अंजिराची एक फांदी विहिरीवर वाकली होती आणि तिच्या टोकाला मोठं पान गुंडाळून शिवलेलं घरटं होतं. पक्षी आला. मी डोळा लावला. उलटा! "बघा," मी साहेबरावांना म्हणालो, "हाही लटकतो. आमचाही लटकतो. एकच जात."

साहेबरावांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग दुर्बीण हळूच आबांच्या दिशेला फिरवली.

"मल्हारराव," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ह्यात आबाही लटकतायत."

ते हसले नाहीत. हसले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी मला खांद्याला धरून नुसत्या डोळ्यांनी अंजिराकडं बघायला लावलं. शिंपी फांदीवर नीट, पाय खाली करून बसला होता. पाठ हिरवट, पोट पांढुरकं, आणि डोक्यावर स्वच्छ तांबूस टोपी. आमच्या वांग्यातला असा नव्हता. मी उलटा पाहिलेला पक्षी मनात सुलटा केला. तांबूस खाली आलं, काळपट वर गेलं. राखच होती ती.

पण हे कबूल करायला तोंड उघडतो तोच साखरबाई आल्या. आबांच्या वरच्या अंगाला त्यांचं कोरडवाहू रान. बाप्ये उसात दडल्यावर बाया चौकशीला आल्या होत्या. यंत्र बघून त्यांनी ओळखलं की हे नसबंदीच्या ऑपरेशनचं नाही, पाटाचं आहे. "आला का पाट!" असं ओरडून त्यांनी दुर्बीण आपल्या रानाकडं वळवली. "सायेब, हितनं न्या. देव तुमचं भलं करंल." पाटाचं नाव ऐकून खंडूही उसातून बाहेर आला. पाट त्याच्या उसातून जाणार असं त्याला वाटलं. "अशक्त असलो म्हनून काय झालं, माजं रान जाऊ दिनार न्हाई," म्हणत त्यानं दुर्बीण नदीकडं वळवली. साखरबाईंनी पुन्हा रानाकडं. मी मध्ये पडलो. "हे सरकारी यंत्र आहे," असं जेवढ्या रुबाबात म्हणता येईल तेवढ्या रुबाबात म्हणालो आणि एक पाऊल मागं सरकलो. टाच तिपाईच्या पायाला लागली.

ढबाक् असा आवाज झाला. भाद्रपदात तोंडापर्यंत भरलेल्या विहिरीत लेव्हल तिपाईसकट गेली. वर चार बुडबुडे आले.

माझ्या डोळ्यांपुढं बबनराव आले, हातात फडकं घेतलेले. मी खाली बसलो. मला पोहता येत नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण पोहता येत नसणाऱ्यानं उडी मारली की सगळेच प्रश्न सुटतात. आबा म्हणाले, "तळाला बाभळीचं खोड हाय. गाळ बी लई हाय."

साहेबराव शर्ट काढत होते. मग त्यांनी पॅन्टही काढून नीट घडी घालून दगडावर ठेवली. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतले ड्रॉइंग मास्तर बघून बायांनी पदर तोंडाला लावले.

"अहो, काय करताय?" चांगुणाताई उठल्या.

"त्यांची नोकरी आहे ती," साहेबराव म्हणाले आणि त्यांनी उडी मारली.

घोडनदीत लहानपण गेलेला माणूस. पहिल्या बुडीत ओंजळभर गाळ घेऊन वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. ह्या वेळी बराच वेळ झाला. पाणी हलायचं थांबलं. अंजिरातला शिंपी तेवढा ओरडत होता. चांगुणाताई काठावर आल्या, पाण्याकडं बघत राहिल्या आणि एकदम मटकन खाली बसल्या.

"अंजे," त्या म्हणाल्या, "अगं अंजे, वर येईनात गं!"

अंजना कधी उठली ते मला कळलं नाही. तिनं बहिणीला कवेत घेतलं होतं आणि ती बोलत होती. थांबतच नव्हती. "येतील गं आक्का, दाजी येतील, दाजींना नदीची सवय आहे, आपण पोरी असताना आबा नव्हते का बुडी मारून किती वेळानं यायचे, रडू नको, हे बघ, माझ्याकडं बघ, येतील." तिच्या त्या बोलण्याला धरूनच चांगुणाताई शुद्धीवर राहिल्या असाव्यात. मीही त्यालाच धरून उभा होतो. आबांनी डोक्याचं मुंडासं सोडून पाण्यात सोडलं होतं आणि खंडू विजार वर खोचून उडी मारायच्या तयारीत होता.

तेवढ्यात पाणी फुटलं. साहेबराव वर आले. हातात लेव्हल नव्हती. तांब्याची, चेपलेली, हिरवी पडलेली घागर होती.

"हेच लागलं हाताला," ते धापा टाकत म्हणाले, आणि ती वर देऊन कुणी काही म्हणायच्या आत तिसऱ्यांदा गेले. ह्या वेळी तिपाईचा एक पाय पाण्याबाहेर आला. तो खंडूनं आणि मी धरला. साखरबाईंनी आम्हाला कंबरेला धरलं. लेव्हल वर आली, तोंडातून गाळ ओकत. साहेबराव मुंडाशाला धरून काठावर चढले. मी त्यांना मिठी मारली. माझा इस्त्रीचा शर्ट भिजला आणि मला रडू आलं. पाण्यामुळं ते कुणाला कळलं नाही, अशी माझी समजूत आहे.

"साहेबराव," मी म्हणालो, "वटवट्याच आहे तो."

"असू द्या हो," ते दात वाजवत म्हणाले. "शिवतात मात्र दोघंही सारखंच. नाव तेवढं एकाचं झालं."

इकडं सासूबाई घागरीवरून हात फिरवत होत्या. काठाखालचा पोचा त्यांच्या बोटांना सापडला. "ही माज्या लग्नातली," त्या म्हणाल्या. "चांगुणा पोटात हुती तवा सुटली हातातनं. सासूनं चार दिस बोलनं टाकलं हुतं." मग त्यांनी दोन्ही बाजूंना हात लांब केले. डाव्या-उजव्या हाताला कुणी नव्हतं. दोघी बहिणी समोरच एकमेकींना धरून बसल्या होत्या.

"अंजे, मी उगाच बोलले," चांगुणाताई म्हणाल्या.

"मी वटवट करते ते मला ठाऊक आहे," अंजना नाक पुसत म्हणाली. "पण ते मी म्हणायचं, तू नाही."

"मला कोन तरी घरी न्या," सासूबाई म्हणाल्या. "डाक्टर निगून जायचा."

सोमवारी मी वाळवलेली, पुसलेली लेव्हल बबनरावांपुढं ठेवली आणि घडलेलं सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण पेटी उघडल्यावर आतून एक बेडकी उडी मारून त्यांच्या टेबलावर बसली. बबनरावांनी शांतपणे यंत्र खिडकीत उभं केलं, डोळा लावला, खूप वेळ स्क्रू फिरवले.

"उलटं दिसतंय," ते म्हणाले. "म्हणजे ठीक आहे."

आठवड्याभरानं वडगाव रासाईहून माझ्याच टेबलावर अर्ज आले. साखरबाईंचा, की 'आपल्या साहेबांनी स्वतः पाहणी केल्याप्रमाणे' पाट लवकर काढावा. खंडूचा, की काढू नये. मी दोन्हींवर शिक्का मारला आणि वर पाठवले. त्यांचं पुढं काय झालं ते विचारू नका.

ऑपरेशन वेळेवर झालं. दिवसा अंजना, राती चांगुणाताई, आणि मध्ये पोळ्यांचा डबा घेऊन मी. साहेबराव दर शनिवारी यायचे. आईंशी बोलून झालं की परसात वांग्यापुढं वही घेऊन बसायचे. वटवट्यानं विटेच्या रंगाची तांबडी अंडी घातली होती, पिल्लं झाली, उडालीही. पोपटरावांना जात कळल्यावर त्यांनी "तरीच टाका लांब हुता" एवढंच म्हटलं. झुंबरबाईंनी मात्र हळदकुंकू मागं घेतलं नाही.

दिवाळीनंतर जाड भिंगांचा चष्मा आला. आमच्या दौंडच्या खोलीत सगळे जमलो. आबा सकाळीच नदी ओलांडून आले होते आणि दाराशी उभे होते, धुतलेलं मुंडासं बांधून. आत का येत नाहीत कुणास ठाऊक. चांगुणाताईंनी चष्मा आईंच्या कानांवर बसवला.

सासूबाईंनी आधी भिंत बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले. मग मुलींकडं बघून चांगुणाताईंच्या केसांना हात लावला. "पांडरं झालं की गं." अंजनाला जवळ ओढून नुसतं बघत राहिल्या. अंजनालाही काही बोलता येईना. नातवंडांना उलटसुलट करून झालं. साहेबरावांना म्हणाल्या, "तुमी लई वाळलाय, जावईबापू." मग माझी पाळी आली. मी सावरून उभा राहिलो.

"धाकलं पाव्हनं दिसायला बरं हायती की," त्या म्हणाल्या. "आवाजावरनं तसं वाटत नव्हतं."

सगळे हसले. त्या हशात सासूबाईंची नजर दाराकडं गेली. हसायच्या थांबल्या. चष्मा नीट केला. दारातल्या उजेडात आबा उभे होते, पांढऱ्या मिशांचे, पाठीत थोडे वाकलेले, काठी दोन्ही हातांनी धरलेले. त्या पुष्कळ वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"आवं," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी म्हातारं कवा झालात?"

आबांनी खाली बघितलं. काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तुजं ध्यान नव्हतं तवा," ते म्हणाले.

साहेबरावांनी माझ्याकडं बघितलं. चहा सांगून येतो म्हणून आम्ही दोघं साडू बाहेर पडलो, आणि बराच वेळ परत आत गेलो नाही.